खिरणीपासून एक साखळी दहा कड्या

मनोरमाबाई ढोमणे सरकारी ट्रेसर होत्या, हे आधीच सांगून टाकतो, कारण ते ऐकून घेतल्याशिवाय त्या समोरच्याला दुसरं काही बोलू देत नसत. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरनं पेन्सिलीनं खरडलेला नकाशा वरून पारदर्शक कापड अंथरून शाईनं नीट उतरवणारी बाई. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. नर्मदेचे कालवे, तळ्यांचे बांध, चाऱ्या, मोऱ्या, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं, आणि साहेबाच्या टेबलावरून एकही नकाशा परत आला नाही.

"छत्तीस वर्षांत एक रेघ खोडली नाई मी," असं त्या भाजीवाल्यालासुद्धा सांगायच्या. भाजीवाला म्हणायचा, "अच्छा अम्मां, भिंडी कित्ती दूं?"

मूळच्या मोर्शीच्या. आता वय शहात्तर. बिट्टन मार्केटच्या मागं आमच्या इमारतीत त्या वर राहतात, मी खाली. भोपाळात पन्नास वर्षं काढून बाईंच्या जिभेवरून मोर्शी गेली नाही, म्हणून आमचं जमलं. मीही दर्यापूरकडचा. आमच्या बोलीला नाक मुरडणारी माणसं इथं कमी नाहीत, पण दोघं एकत्र असलो की आम्ही कोणाला भीक घालत नाही. त्यांचा मुलगा समीर पुण्यात असतो. सूनबाई फोनवर सासूचं बोलणं ऐकून हसते.

"हासू दे," बाई म्हणतात. "पुण्यात हासायले दुसरं हाय काय बिचारीले?"

त्यांचे यजमान अच्युतराव त्याच खात्यात सर्व्हेअर होते. मी त्यांना शेवटची सात-आठ वर्षं पाहिलं. उंच, कोरडा, कमी बोलणारा माणूस. त्यांचा एकच किस्सा बाई पुन्हा पुन्हा सांगतात. लग्नाला वर्ष झालं होतं. बाईंच्या पदराची टाचणी हरवली म्हणून त्यांनी ऑफिसातली एक टाचणी लावली आणि तशाच घरी आल्या. अच्युतरावांनी रात्री ती काढून घेतली, कागदात गुंडाळली, आणि दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये जमा केली.

"एक टाचणी, विश्वासभाऊ! अन् वरतून मले म्हंते, मनोरमा, टाचणीनंच सुरू होते."

त्यांच्याकडं दोन पेन्सिली असायच्या. ऑफिसची ऑफिसच्या खणात राही. किराण्याची यादी करायची तर घरची. घरच्या पेन्सिलीला मागं सुरीनं खाच पाडलेली, घोटाळा व्हायला नको म्हणून.

तेव्हा ते तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरात राहायचे. शेजारी केशवराव म्हणून ग्वाल्हेरचे गृहस्थ होते, ट्रेझरीत कारकून. त्यांचे वडील जुन्या राज्यात जमिनी मोजायचे. वडिलांची लोखंडी साखळी केशवरावांनी ओसरीत खुंटीला टांगून ठेवली होती. कामाची काही नव्हती. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं, आणि एरवी गल्लीतली पोरं तिला लोंबकळायची. "अरे, खानदानी चीज आहे ती, झोपाळा नाही!" केशवराव ओरडायचे. बाई ती नक्कल झकास करतात.

या घरात पंचाहत्तर सालच्या माघात चार महिन्यांची मुलगी गेली. मधुरा नाव. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे संपलं.

दात न आलेलं लेकरू आपल्यात जाळत नाहीत, मातीत ठेवतात. आई सोबत जात नाही. जागा कोणती, हेही तिनं विचारायचं नसतं, म्हणजे तिचा जीव तिकडं ओढत नाही. म्हाताऱ्या बायांनी असं ठरवलेलं. चार पुरुष गेले आणि दोन तासांत परत आले. अच्युतरावांनी दारातच अंगावर पाणी घेतलं, आत आले, आणि जेवायला बसले. बाई आतल्या खोलीत पडून होत्या. दूध थांबेना म्हणून शेजारणीनं छातीला धोतराचा फडका करकचून बांधला होता.

"तो जेवत होता, त्याचा मले राग नाई आला," त्यांनी मला एकदा सांगितलं. "पण तो बोट चाटत होता, त्याचा आला. पुढं लय वर्षं तो राग जपला मी. कामी येते असा राग."

त्यानंतरच्या रविवारी अच्युतराव सकाळीच बाहेर गेले आणि दुपारी गुडघ्यांना माती लावून आले. कोठं गेला होता, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढं समीर झाला, क्वार्टर बदललं, दोघं रिटायर झाले. मधुराचं नाव घरात सदतीस वर्षं कोणी घेतलं नाही.

बारा वर्षांपूर्वी अच्युतराव गेले. बाईंनी त्यांची ट्रंक उपसली. तिच्यात घरच्या पैशानं आणलेली एक वही होती, मोजणीवाल्यांची असते तशी, पानाच्या मधोमध दोन उभ्या तांबड्या रेघांची. तिचं एकच पान भरलेलं, तेही खाच पाडलेल्या पेन्सिलीनं.

मला बाईंनी ते पान दाखवलं तेव्हा मी शहाण्यासारखा वरून वाचायला लागलो. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"खालून वाच. मोजणीची वही खालून वर वाचतात. माणूस चालते तशी."

मग मी खालून वाचलं. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'खिरणी'. त्याच्या वर, '१ साखळी १० कड्या', आणि डाव्या अंगाला, '१२ कड्या, म.' त्याच्याही वर, '२ साखळ्या १० कड्या, भिंत.' बस्स. तारीख त्या रविवारची.

मोजणीत जागांना अ, ब, क अशी अक्षरं देतात. अच्युतरावांनी 'म' दिलं होतं.

खिरणी कोणती, हे कोणाला विचारायची गरज नव्हती. जुन्या शहराच्या कडेला, उतारावर, एक दफनभूमी आहे. सगळं भोपाळ तिला खिरनीवाला कब्रस्तान म्हणतं, कारण आत मधोमध दोन माणसांच्या कवेत न येणारी खिरणी उभी आहे. नवाबी काळात ही जागा सगळ्यांसाठी सोडलेली. ज्याला दुसरीकडं जागा नाही, त्याला इथं जागा.

फाटक वरच्या अंगाला. तिथून विटा उभ्या लावून केलेली वाट खाली उतरते, दोन्हीकडं बकुळीची झाडं. जमीन उताराची म्हणून लाल दगडाचे बांध घालून तिचे टप्पे केलेत, आपल्याकडं डोंगरउतारावर शेतं करतात तसे. पहिल्या टप्प्यावर गोरे साहेब. त्यांच्या थडग्यांवर उंच टोकदार दगड, दगडांवर बारा-बारा ओळी. कोण कोणत्या पलटणीत होता, कोणत्या तापानं गेला, बायको किती रडली, सगळं लिहिलेलं. दुसऱ्या टप्प्यावर बँडवाले, शिंपी, नर्सबाया, शाळामास्तर. त्यांच्या दगडांवर तीन ओळी. तिसऱ्या टप्प्यावर विहीर आणि खिरणी, आणि भोवती वाटसरू, पटकीत गेलेले, बेवारशी. तिथं एखाद्या दगडावर नुसतं नाव किंवा नुसतं साल. आणि खिरणीच्या खाली, शेवटच्या उतारावर, सीताफळीच्या झाडोऱ्यात लहान मुलं. सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची. तिथं लिहिलेलं काहीच नाही. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर ठेवलेले चपटे दगड, तेही बसत बसत मातीच्या पोटात गेलेले.

चौसष्टाव्या वर्षी मनोरमाबाई पहिल्यांदा तिथं गेल्या. खात्याची साखळी शंभर फुटी, एका कडीचा एक फूट. हे त्यांना झोपेतही ठाऊक. घरची कापडी टेप घेऊन त्यांनी खिरणीपासून खाली सरळ एकशे दहा फूट मोजले, डावीकडं बारा. तिथं एक जागा जराशी खोलगट होती. पुढं रायमुनियाची, म्हणजे आपल्या घाणेरीची, अशी जाळी की हत्ती उभा राहिला तरी दिसू नये. बाईंनी त्या खोलगट जागेवर सदाफुलीचं रोप लावलं.

तेव्हापासून दर रविवारी त्या जायच्या. अलीकडं माझ्या स्कूटरवर मागं बसून. हातात पाण्याची एक बाटली. रोपाला पाणी घालायच्या, दगडावर बसायच्या, आणि आठवड्याचं बोलायच्या. समीरचं, गुडघ्याचं, भावजयीचं, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सवतीचं. मी लांब विहिरीच्या कठड्यावर मुन्ने मियांबरोबर बसायचो. मुन्ने मियां तिथले राखणदार. त्यांचे आजाही तिथेच राखण करायचे.

"को खां," मुन्ने मियां भोपाळी थाटात मला हाक मारायचे, "अम्मां इत्ता क्या बोलती हें?"

"चुगल्या करते."

"अच्छा हे. यां कोई काटता नईं बात को."

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिथं क्षितिजा आली. पालिकेची इंजिनिअर, इंदूरची मराठी मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची, पायात बूट, हातात टॅब. दफनभूमी नीट करायची होती. बांध दुरुस्त करायचे, झाडांना नंबर द्यायचे, आणि खालून आठ फुटी फरसबंद पायवाट काढायची, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. तिनं ड्रोननं काढलेला फोटो उघडून दाखवला. वरून पाहिलं तर नुसती कोबीची वाडी. झाडांच्या डोक्यांखाली कोण झोपलंय, ते ड्रोनला काय दिसणार? आणि खिरणीच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'रिकामी जागा'.

बाईंनी चष्मा वर केला. "हे कोनं लिहिलं?"

"मीच, आजी. तिथं कुछ है नहीं ना, म्हणून."

"तुह्या घरी पाळण्यात लेकरू झोपलं असलं, अन् रडत नसलं, तं पाळणा रिकामा म्हंशील काय?"

पोरगी चपापली. पण होती चांगली. ती बाईंच्या शेजारी दगडावर बसली आणि म्हणाली, "मग तुम्ही सांगा ना आजी, काय काय आहे ते. मला कोणी सांगतच नाही."

झालं! शहात्तर वर्षांच्या ट्रेसरबाईला काम मिळालं. सगळा हिवाळा आम्ही तिथं काढला. टेपचं शून्याचं टोक माझ्या हातात, दुसरं बाईंच्या. "ताण भाऊ, ताण! झोपला काय?" मुन्ने मियां गवत बाजूला करायचे. एकेक थडगं, एकेक बांध, विहीर, झाड. घरी जेवणाच्या टेबलावर कागद अंथरून, जुनी रेघ मारायची लेखणी घासूनपुसून, बाई ते शाईनं उतरवायच्या. खालची भिंत तेवढी रायमुनियात बुडालेली. ती त्यांनी अच्युतरावांच्या वहीतून घेतली, खिरणीपासून दोनशे दहा फुटांवर. म्हणाल्या, त्याचं मोजमाप म्हणजे मी डोळ्यानं पाहिल्यासारखं.

क्षितिजाची पायवाट नेमकी सदाफुलीवरून जात होती. बाईंनी तिला एवढंच सांगितलं, "इथं माही पोरगी हाय. वाट चाळीस फूट वर घे, खिरणीच्या बाजूनं."

क्षितिजानं काही विचारलं नाही. तिनं वाट वर घेतली, कागद वरच्या साहेबांकडून सही करून आणला, आणि माघात लाल रंग लावलेल्या खुंट्याही ठोकल्या. सोमवारी खोदाई सुरू व्हायची होती. त्याआधी मजूर लावून तिनं खालचं रायमुनिया काढून घेतलं.

गुरुवारी आम्ही पाहायला गेलो. सगळा उतार उघडा पडला होता. आणि खाली, लाल दगडाची जुनी भिंत, सदाफुलीपासून अगदी जवळ, दात दाखवत उभी.

बाई थबकल्या. "भिंत इथी कशी?"

आम्ही टेप लावली. खिरणीपासून भिंत एकशे साडेअडतीस फूट. बाईंनी दुसऱ्यांदा मोजायला लावलं. तेवढीच. मग त्या मुन्ने मियांवर घसरल्या.

"मियां, भिंत आत घेतली कोणी? सत्तर फूट जमीन खाल्ली! तुमचं ध्यान कुठी होतं?"

मुन्ने मियांनी शांतपणे भिंतीतल्या पिंपळाच्या मुळीवर हात ठेवला. मुळी माझ्या मांडीएवढी होती आणि भिंतीच्या सात-आठ दगडांतून ओवलेली. "अम्मां, ये दीवार मेरे दादा के बचपन की हे. ये चल के आई हो, तो पेड़ कूं भी साथ लाई होगी."

छत्तीस वर्षांत न खोडलेली रेघ बाईंना समोर दिसत होती, आणि ती चुकली होती. मी म्हणालो, "अच्युतरावांचीच चूक झाली असल. मन थाऱ्यावर नसल त्या दिवशी."

"त्याची?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी भिंतीकडं पाहिलं. "बाप मेला तवा दहाव्याच्या दिवशी धरणाची मोजणी करून आला तो. कडीचा फरक नाई."

त्या खाली बसल्या. काडी घेऊन मातीत लिहिलं, एकशे साडेअडतीस. खाली, दोन साखळ्या दहा कड्या. भागाकार करायला लागल्या. मी पाहत होतो. काडी मध्येच थांबली. मातीत आकडा आला होता, सहासष्ट.

मग बाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. जवळ जाऊन पाहतो तर बाई हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी गालावर.

"विश्वासभाऊ, मी बैल हाय. बैल! जो माणूस सरकारी टाचणी घरी राहू देत नव्हता, तो सरकारी साखळी घेऊन आपल्या पोरीची माती मोजायले जाईन काय?"

मला अजूनही कळलं नव्हतं.

"केशवरावची साखळी! ओसरीतली! पोरं झोके घेत ते. जुनी जमिनीची साखळी सहासष्ट फुटी असते. शंभरच कड्या, पण कडी लहान. खांद्यावर टाकून गेला असंन तो ते लोखंड. तुलसी नगरापासून पायी." पदरानं त्यांनी नाक पुसलं. "अन् मी तिले शंभरानं मोजत बसली. बारा वर्षं."

मग एकदम त्यांचं हसू थांबलं. मीही मनात गुणाकार केला होता. एक साखळी दहा कड्या म्हणजे सहासष्टाच्या हिशेबानं साडेबहात्तर फूट. आम्ही दोघांनी एकाच वेळी वर पाहिलं. खिरणीपासून साडेबहात्तर फुटांवर, डावीकडं आठ फूट, बरोबर दोन लाल खुंट्यांच्या मध्ये सीताफळीखालची जागा होती. सोमवारची खोदाई तिथून जाणार होती. तिथं ती बाईंनी स्वतः सांगून आणवली होती.

तिथं जाऊन मुन्ने मियांनी पाला बाजूला केला. हातानं माती उकरली, अगदी वरवर. एक चपटा दगड लागला. त्याच्या शेजारी वितीवर दुसरा. मग तिसरा, चौथा. चारही सारखेच, लाल, तव्याएवढे. त्यांच्यावर नाव नाही, खूण नाही.

"यातला कोणता, काकू?" मी विचारलं.

बाई गुडघ्यावर हात देऊन खाली वाकल्या आणि मग बसल्याच. पहिल्या दगडावरची माती त्यांनी तळव्यानं पुसली. मग दुसऱ्यावरची. मग तिसऱ्यावरची, चौथ्यावरची. टेप माझ्या हातात होती, मी ती पुढं केली.

"ठेव ते," त्या म्हणाल्या. "आता काय वितीसाठी भांडू लेकरांशी?"

थोड्या वेळानं त्यांनी दूर सदाफुलीकडं पाहिलं. "मंग ते कोणाचं होतं वं माय?"

मुन्ने मियां म्हणाले, "होगा किसी का. ख़ाली जगा तो यां कोई नईं हे, अम्मां."

संध्याकाळी क्षितिजाला बोलावलं. ती ऑफिसातून तशीच आली. बाईंनी तिला चहा दिला, आणि चहा संपेपर्यंत काही सांगितलं नाही. मग नकाशा समोर ठेवला आणि भिंतीच्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे रेघ चुकली. मी चुकवली. अन् वाट माह्या सांगण्यावरून तू वर घेतली, तेही चूक. तिथं पोरगी हाय. जिथून उठवली तिथं नाई."

क्षितिजानं कपाळाला हात लावला. "आजी! सही झाली ना आता. मतलब, मी फार फार तर पहिल्या जागेवर परत नेऊ शकते. तो नकाशा पण मंजूरच होता. दोन्हींतला एक सांगा."

पहिली जागा म्हणजे सदाफुली. बाईंनी नुसतं हो म्हटलं असतं, तर मधुरा आणि तिच्या शेजारचे तिघे सुटले असते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा हो. खोटं कशाला बोलू, मला त्यांचीच काळजी होती. दुसऱ्या लेकराची नव्हती.

"नाई," बाई म्हणाल्या. "बारा वर्षं मी त्याच्याशी बोलली. माह्या घरातलं सगळं त्याले ठाऊक हाय. त्याच्या अंगावर फरशी टाकू?"

"पण मग वाट कुठून नेऊ आजी?"

"भिंतीच्या कडेनं."

"तिथं पाणी साचतं. उताराचं सगळं पाणी खाली येतं, आणि भिंत अडवते. वरचे साहेब पहिल्याच नजरेत नाही म्हणतील."

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. "पोरी, छत्तीस वर्षं मी पाणीच काढलं कागदावर. भिंतीच्या बुडाशी मोऱ्या हायेत. आज पाहिल्या मी. दर दहा पावलांवर एक. बांधणारा माणूस शहाणा होता. रायमुनियाच्या मुळ्यांनी बुजल्या त्या. मोकळ्या कर, पाणी नाल्यात जाते. अन् पाणी साचते म्हून तिथं कोणी लेकरू ठेवलं नाई. मियांले विचार."

मुन्ने मियांना फोन लावला. ते म्हणाले, दीवार के पास कब्बी नईं, वां तो मेंढक रेते थे.

शुक्रवार आणि शनिवार बाई टेबलावरून उठल्या नाहीत. मी दोन वेळा वर जाऊन भाजीभाकरी ठेवून आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पहिली भाकर तशीच होती. नवा कागद नव्हता घेतला त्यांनी. ब्लेडच्या टोकानं जुन्या नकाशावरची भिंतीची रेघ खरवडत होत्या, शाई निघेपर्यंत, कागद न फाडता. ब्लेड हलू नये म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरलेलं.

"नवा काढा ना," मी म्हणालो. "खाडाखोड दिसणार नाही."

"दिसू दे. तो नकाशा पाहीन, त्याले समजलं पायजे इथं काय झालं ते."

भिंत तिच्या जागेवर आली. भिंतीच्या कडेनं वाट आली, तिच्याखाली मोऱ्या, एकेक बाणानं दाखवलेल्या. आणि खिरणीपासून वाटेपर्यंतच्या सगळ्या उतारावर, जिथं 'रिकामी जागा' होतं, तिथं बाईंनी सुंदर, गोल, सरकारी अक्षरात लिहिलं, 'लहान मुलं'. 'म' कुठंच लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आला ना त्याच्यात."

नकाशाच्या कोपऱ्यात दुरुस्तीची चौकट असते. काय बदललं, का बदललं, ते तिथं लिहायचं. बाईंनी लिहिलं, 'साखळी ६६ फुटी होती. १०० फुटी धरली. चूक ट्रेसरची.' खाली सही.

क्षितिजा शनिवारी संध्याकाळी तो घेऊन गेली. रविवारी सकाळपर्यंत फोन नाही. बाई देवासमोर बसल्या नाहीत, टीव्ही लावला नाही. जिन्यात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होत्या, तुमचा फोन लागते काय. साडेनऊला त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"काका, आजींना सांगा, सही झाली," क्षितिजा म्हणाली. "साहेबांनी ती कोपऱ्यातली चौकट दोनदा वाचली. म्हणाले, इतने साल में पहली बार किसी ने अपनी गलती लिख के दी है."

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "स्कूटर काढ. आज रविवार हाय."

फाटकातून खाली उतरलो तेव्हा मुन्ने मियां लाल खुंट्या उपटून बगलेत धरून वर येत होते, जळण म्हणून. बाई त्यांच्या बाजूनं पुढं गेल्या. साहेबांचा टप्पा, नर्सबायांचा टप्पा, खिरणी. सीताफळीखाली चार दगडांपाशी त्या थांबल्या. पिशवीतून बाटली काढली आणि चारी दगडांवर थोडं थोडं पाणी ओतलं, सारखं. बसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "थांबा, येतो."

मग खाली गेल्या, सदाफुलीपाशी. पिशवीतून दुसरी बाटली निघाली. ती रोपाच्या बुडाशी रिकामी केली, आणि नेहमीच्या दगडावर बसकण मारून, गुडघा चोळत, त्यांनी सुरुवात केली.

"हं, तं आयक. या आठवड्यात लय झालं."

विहिरीच्या कठड्यावर मुन्ने मियां माझ्या शेजारी येऊन बसले. "को खां," ते म्हणाले, "आज तो देर लगेगी?"

"आज लागन," मी म्हणालो.